अंतराळयानातली सैपाकखोली

समस्त आप्तेष्ट, स्नेही, व्यापारी बंधू आणि आंबागडच्या ओट्यावर बसून आजवर माझ्या बोलण्याला माना डोलावलेले सर्व श्रोते, यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की ते पुस्तक तुमसरला माझ्या साडभावाकडे आलेले आहे. माझ्याकडे आलेले नाही. या घटनेचे दूरगामी परिणाम संभवतात, तरी सर्वांनी शांतता राखावी. मला ती राखता आली नाही, पण मी आयोजक आहे, मला सूट आहे.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नात्यागोत्यात हा एकच माणूस असा असतो, की त्याच्याशी तुलना झाल्याशिवाय सासुरवाडीत आपल्याला चहासुद्धा मिळत नाही. त्याचा तुमसरला धानाचा व्यापार आहे, माझं अड्याळला बी-बियाण्याचं दुकान. तो उंच आहे, मी देखणा आहे, निदान माझी आई तसं म्हणायची. आणि मी थोरला जावई आहे. आंबागडला, म्हणजे सासुरवाडीला, पाय धुवायला पाणी आधी मला, पाट आधी मला, पानावर भाजी आधी मला. या गोष्टींचा मला अजिबात गर्व नाही. फक्त कधी क्रम चुकला तर मी जेवत नाही.

आता पुस्तकाबद्दल. आम्ही दोघं शाळेत होतो तेव्हा टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची. माणसं गोरी, पण बोलायची स्वच्छ हिंदी. एक भलंमोठं अंतराळयान, त्याचा एक कप्तान, एक डॉक्टरीण, कपाळावर तिसरा कान असलेला एक इंजिनियर, आणि सगळ्यांचं आपलं एकच काम, ताऱ्याताऱ्यांतून भटकत घराकडची वाट शोधायची. तो तुमसरला पाहायचा, मी अड्याळला. आमची ओळखही नव्हती. पुढे त्याच्या लग्नात, आंबागडच्या मांडवात, मी जमलेल्या वऱ्हाडाला त्यातला एक भाग रंगवून सांगत होतो. कप्तानाचं यान बर्फाच्या ग्रहावर आदळतं, असं मी म्हणालो. तेव्हा मुंडावळ्या बाजूला सारून नवरदेवाने मान वळवली आणि म्हणाला, "आदळत नाही जी, उतरते."

तिथून सुरुवात झाली. मालिका काही मेली नाही. तिचे नवे भाग निघाले, नवे नट आले, आता ती फोनवर दिसते आणि कॉलेजातली पोरं तिच्यासाठी रात्री जागतात. पण आम्ही दोघं जुन्या यानातले प्रवासी. आमचा एक वाद त्या मांडवापासून आजतागायत चालू आहे आणि तो सैपाकखोलीचा आहे.

माझं म्हणणं असं, की यानात सैपाकखोली आहे. ती त्या लांब बोळीतल्या तिसऱ्या दाराच्या आत आहे. पुरावा हा, की एका भागात डॉक्टरीण त्या दारातून पदराला, म्हणजे तिच्या त्या डगल्याला, हात पुसत बाहेर येते आणि तिच्या मागे वाफ दिसते. वाफ कशाची? भाताची. दुसरं काय असणार? साडभाऊ म्हणतो, सैपाकखोली नाहीच. भिंतीतला खण उघडतो, तयार ताट बाहेर येतं, झालं. मी विचारतो, ताट तयार कुठे होतं? तो म्हणतो, यंत्रात. मी विचारतो, यंत्र कुठे ठेवलंय? तो म्हणतो, भिंतीत. असल्या माणसाशी वाद घालायला दगडाचं काळीज लागतं. ते माझ्याकडे आहे.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी आटोपली की गावोगाव मंडईची जत्रा भरते. मिठाईची दुकानं लागतात, पाळणे येतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य होतं, आणि लेकी-जावई आल्याशिवाय कुठल्याच घराची मंडई साजरी होत नाही. आंबागडच्या मंडईला जेवणं झाली की दुपारी सासऱ्यांच्या ओट्यावर बैठक बसते. समोर किल्ल्याचा डोंगर, हातात सुपारी, आणि मधोमध मी. मी बोलतो, बाकीचे ऐकतात. धानाला कोणतं खत घालावं, कोणाच्या पोराला कुठली पोरगी शोभेल, गावातल्या तलावात कोणती मासोळी सोडावी, सगळ्याला शेवटचा शब्द माझा. फक्त सैपाकखोलीचा विषय निघाला की धाकटा जावई घसा खाकरतो आणि ओट्याचे दोन तट पडतात. गेल्या मंडईला सासरे वैतागले. त्यांनी निकाल दिला की पुढच्या मंडईपर्यंत ज्याच्याकडे लेखी पुरावा असेल त्याने आणावा. ज्याचं खरं निघेल, ओट्यावर त्याचाच शब्द शेवटला, सगळ्याच बाबतीत. आणि ज्याचं खोटं निघेल त्याने तिथून पुढे फक्त सुपारी कातरावी.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, पणाला काय लागलं होतं. मला सुपारी कातरता येत नाही.

आणि लेखी पुरावा जगात होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. अशा गाजलेल्या मालिकांची सोबतीची पुस्तकं निघतात. मालिकेत जे दाखवत नाहीत ते त्यांत सांगतात. कप्तानाचं बालपण कुठे गेलं, इंजिनियरला तिसऱ्या कानाने नेमकं काय ऐकू येतं, बाहीवरच्या पट्ट्यांचा अर्थ काय, परग्रहवाल्यांची बाराखडी कशी. आणि यानाचा नकाशा. एकेक खोली, एकेक दार. त्यावर 'अधिकृत' असं छापलेलं असतं, म्हणजे ज्यांनी मालिका काढली त्यांनीच शिक्का मारलेला. त्याच्यावर अपील नाही. तसं पाहिलं तर मीही गेली कित्येक वर्षं या मालिकेचं चालतंबोलतं सोबतीचं पुस्तकच होतो. फक्त अनधिकृत.

धनत्रयोदशीला सकाळी त्याचा फोन आला.

"साडभाऊ, बसून आहा का जी?"

मी म्हटलं, बसूनच आहो.

"पुस्तक आलं."

"कोन्तं पुस्तक?" मी विचारलं. आवाज असा काढला, जणू पुस्तक हा शब्दच मी पहिल्यांदा ऐकत होतो.

त्याची पोरगी पुण्याला नोकरी करते. तिने बापासाठी दिवाळीची भेट म्हणून परदेशातून मागवून ते घरी पाठवलं होतं. जाड पुठ्ठा, लाल रंग, सोनेरी अक्षरं, गुळगुळीत पानं. त्याने वर्णन असं केलं, की धान घ्यायला आलेला अडत्या पोत्यात परखीची टोकदार नळी खुपसतो ना, तशी ती माझ्या पोटात गेली आणि आत काय माल आहे ते सगळं बाहेर काढून आली. मी म्हणालो, छान, छान. त्या पुस्तकांत काही दम नसतो म्हणा, मी असं ऐकलंय. ती पोरासोरांची असतात. तो म्हणाला, हो न जी, पोरासोरांचीच.

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. माझा पोरगाही पुण्यालाच नोकरी करतो. त्यानेही बापासाठी दिवाळीची भेट पाठवली होती आणि तीही त्याच दिवशी, फोनच्या थोडी आधी, आली होती. मी खोका उघडला. आत रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. सोबत चिठ्ठी, बाबा, रोज मोजत जा.

फोन ठेवला तेव्हा बायको ते यंत्र घेऊन समोर उभी होती. तिने दंडाला पट्टा बांधला, बटण दाबलं, यंत्र फुगलं, मीही फुगलो. आकडा पाहून ती घाबरली, आणि मग मला नीट न्याहाळून म्हणाली, "तुमसरचा फोन होता का वो?" यंत्र चांगलं आहे. पण तिला त्याची गरज नाही.

दुपारी मला राहवलं नाही. मी साडभावाला निरोप पाठवला की त्यात यानाचा नकाशा असेल तर फोटो काढून पाठवा, आमच्या इथल्या पोरांना दाखवतो. पोरं कुठली? दुकानात मी आणि युरियाची पोती होती. थोड्या वेळाने फोटो आला. उघडून पाहतो तर बंद पुस्तकाचा. नुसता लाल पुठ्ठा. खाली लिहिलं होतं, नकाशा हाये, मंडईले पाहू.

मी तो फोटो किती वेळा मोठा करून पाहिला हे सांगत नाही. लाल पुठ्ठा कितीही मोठा केला तरी लालच राहतो.

दिवाळीभर मी नाना तर्क केले. त्याने एवढा आत्मविश्वास दाखवला, म्हणजे सैपाकखोली नाही. नसती तर त्याने फोटो पाठवला असता, म्हणजे सैपाकखोली आहे आणि तो लपवतोय. लक्ष्मीपूजनाला मी हात जोडून बसलो होतो आणि डोळ्यांपुढे ती बोळी होती, तिसरं दार होतं, दाराआडून वाफ येत होती. बायकोने आरतीचं तबक पुढे केलं तेव्हा मी म्हणे "उघडा" असं पुटपुटलो. ती म्हणाली, काय उघडू? मी म्हणालो, खिडकी, धूर फार झालाय.

शेवटी पाडव्याला सकाळी मी ठरवलं. मंडईला चार लोकांसमोर तोंडघशी पडण्यापेक्षा आधी जाऊन पाहावं. खरं असलं तर ऐटीत आंबागडला जावं, खोटं असलं तर ताप यावा. जायला निमित्त हवं म्हणून ढिवरवाड्यातून, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतून, उकडलेले शिंगाडे पिशवीभर घेतले. आमच्या तलावाच्या शिंगाड्यावर तुमसरवाल्यांचा जीव आहे. बायको म्हणाली, यंत्र सोबत घेऊन जा. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. भंडाऱ्याला बस बदलली. दोन्ही बाजूंना धान कापणीला आलं होतं, काही बांध्यांत कापलेल्या धानाच्या कडपा आडव्या पडल्या होत्या, एरवी मी खिडकीतून पीक पाहत कोणी माझ्याकडचं बी पेरलं ते ओळखत जातो. त्या दिवशी मला सगळीकडे लाल पुठ्ठाच दिसत होता.

साडभावाची गादी बाजाराच्या तोंडाशीच आहे. झेंडूचं तोरण, पांढरी शुभ्र चादर, तक्के, बशांमधून धानाचे नमुने मांडलेले. मी आत पाऊल टाकलं आणि जागीच थांबलो. समोर चौरंग होता. चौरंगावर लक्ष्मीची तसबीर, तिच्यापुढे तांदळाची रास, आणि त्या राशीवर, फुलांच्या हारात, हळदकुंकू वाहिलेलं, लाल दोरा गुंडाळलेलं, ते पुस्तक.

जगात माझ्या वाट्याला न आलेल्या पुष्कळ गोष्टी मी पाहिल्या आहेत, पण त्यांची पूजा मांडलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

साडभाऊ गल्ल्याशी बसला होता. मला पाहून त्याचा चेहरा खुलायला हवा होता, तो पडला. त्याने मला दंडाला धरून मागच्या गोदामात नेलं आणि पोत्यांच्या थप्पीआड हळू आवाजात सगळी हकिगत सांगितली.

गादीवर खरा हुकूम चालतो त्याच्या आईचा. मी त्यांना मावशी म्हणतो. नवरा गेल्यावर त्यांनी हा धंदा सांभाळला, पोराला उभं केलं, अजूनही डोळ्यांवर चष्मा चढवून धानाचा दाणा नखाने फोडून पाहतात आणि भाव सांगतात. पण काही वर्षांपूर्वी साडभावाने हिशेब संगणकावर नेला आणि लाल वह्या बंद झाल्या. लक्ष्मीपूजनाला तो संगणकाला हळदकुंकू लावायचा आणि शेजारी रीत म्हणून एक पातळशी वही ठेवायचा. मावशी रुसायच्या. लक्ष्मी का अशा चार पानाच्या वहीत बसन का, असं विचारायच्या आणि पूजेत मागे जाऊन बसायच्या. यंदा धनत्रयोदशीला घरी खोका आला. साडभावाने पुस्तकाचं चित्रांचं वेष्टन फाटू नये म्हणून काढून कपाटात ठेवलं. उरलं काय? जाड, लाल, सोनेरी अक्षरांचं, पोथीसारखं भारदस्त पुस्तक. मावशींनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, पोराला अक्कल आली. बापाच्या वेळेसारखी वही त्याने आणली.

"मंग सांगाचं न त्याहिले," मी म्हणालो.

"कसा सांगू जी?" तो म्हणाला. "बाबा गेल्यापासून पयल्यांदा तिनं सोताच्या हातानं पूजा मांडली. रातभर गानं म्हनत होती."

मला त्याची दया यायला हवी होती. आली असती. पण त्याच क्षणी माझ्या मनात आलं, की बघा, याचं पुस्तक तर पुस्तक, त्याला देवपणसुद्धा मिळालं. माझं रक्तदाबाचं यंत्र कोणी चौरंगावर ठेवेल का?

"नकाशात काय हाये तेवढं सांगा," मी म्हणालो.

तो पोत्याच्या सुतळीशी चाळा करत म्हणाला की त्याने नकाशा पाहिलाच नाही. पोरगी फोनवर म्हणाली होती की पुठ्ठा उघडला की आतल्या दोन्ही पानांवर अख्ख्या यानाचा नकाशा आहे. त्याने ठरवलं होतं, मंडईला ओट्यावर, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा उघडायचा. म्हणून त्याने ते मधूनच उघडून कप्तानाचं बालपण तेवढं वाचलं होतं. म्हणून मला फोटोही बंद पुस्तकाचा पाठवला होता.

दिवाळीभर मी ज्याच्यावर जळत होतो त्या माणसालाही काही ठाऊक नव्हतं! माझा अर्धा जीव सुखावला. उरलेला अर्धा मात्र अजून जळत होता, कारण पुस्तक त्याचंच होतं.

"अजून एक घोळ हाये," तो म्हणाला.

त्या घरची रीत अशी, की वहीची पूजा बंद वहीची होते. पाडव्याला सकाळी ती उघडतात आणि पहिल्या पानावर ओल्या कुंकवाने 'श्री' लिहितात. आणि ती घरचा माणूस लिहीत नाही. घरच्याने लिहिली तर लक्ष्मी घरातल्या घरात फिरते, बाहेरून येत नाही, असं मावशींचं शास्त्र आहे. लिहायला बाहेरचा, मानाचा पाहुणा लागतो. साडभाऊ सकाळपासून देवाला विनवत होता की आज कोणी मानाचा पाहुणा येऊ नको.

आणि मी आलो होतो. शिंगाडे घेऊन.

"तुमी म्हना का हात दुखून राह्यला," तो म्हणाला. "तेवढं करा जी. इतकं महागाचं पान, कुंकवानं सत्यानाश होईन."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. थोरल्या जावयाला शोभेल अशा गंभीरपणे मी सांगितलं की देवाच्या कामाला नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. इतका धार्मिक मी याआधी कधी झालो नव्हतो.

तेवढ्यात मावशींची हाक आली. मला त्या बापू म्हणतात. "बापू आले म्हनते न? या जी या, वाटच पाहून राह्यली मी. कोनी मानाचा मानूस यावा, अन् तुमीच आले पाहा."

आम्ही गादीवर आलो. शेजारचे दोन अडते पाडव्याचा नमस्कार करायला आले होते, त्यांनाही मावशींनी बसवून घेतलं होतं. मला चौरंगासमोर पाट. आधी मला, हे लिहून ठेवा. मावशींनी वाटीत कुंकू कालवलं. साडभाऊ चौरंगाच्या पलीकडे उभा राहिला, हात जोडून, पण डोळे माझ्या बोटावर. मी अनामिका कुंकवात बुडवली. अंमळ जास्तच बुडवली.

मावशींनी लाल दोरा सोडला. फुलं बाजूला केली. आणि पुठ्ठा उघडला.

दोन्ही पानं भरून गर्द निळ्या रंगावर पांढऱ्या रेघांनी काढलेलं अख्खं यान. टाक्या, नळ्या, जिने, एकावर एक मजले, मागे धुराड्यासारखी चार मोठी तोंडं, प्रत्येक खोलीत बारीक बारीक खाटा आणि खुर्च्यासुद्धा काढलेल्या. लहानपणापासून ज्याच्या बाहेर मी इतकी वर्षं उभा होतो, ते माझ्यासमोर छत काढून ठेवलं होतं. आणि ते माझं नव्हतं. खरं सांगतो, त्या क्षणी ते पुस्तक बगलेत मारून मी बसस्टँडकडे पळालो नाही ते केवळ बोटाला कुंकू होतं म्हणून.

मी मनात म्हटलं, आता मावशी विचारतील, हे काय चित्र? आणि साडभावाची दिवाळी संपेल.

मावशी वाकल्या. त्यांनी चष्मा नीट केला. टाक्यांवरून, नळ्यांवरून, मागच्या चार धुराड्यांवरून नजर फिरवली. मग त्यांचा हात तोंडावर गेला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"मिलचा नकाशा हाये," त्या हळूच म्हणाल्या.

साडभाऊ काही बोलायला गेला, त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. मग त्यांनी अडत्यांना समजावून सांगायला सुरुवात केली. ह्या धान साठवायच्या टाक्या. इथून धान वर चढते. हे भरडाची यंत्रं, हा कोंडा जायचा रस्ता, हे मागचे धुराचे भोंगे. त्यांचं म्हणणं इतकं तंतोतंत बसत होतं, की क्षणभर मलाही यानात तांदूळ भरडल्याचा वास आला. त्यांचा नवरा हयातभर दुसऱ्याच्या मिलीत धान भरडून घेत राहिला. आपली मिल असावी हे त्याच्या तोंडी शेवटपर्यंत होतं. आणि पोराने काय केलं? आईला न सांगता, गाजावाजा न करता, पहिल्या पानावर मिलचा नकाशा छापून वही आणली आणि लक्ष्मीपुढे ठेवली.

दोघे अडते उठून उभे राहिले. एकाने साडभावाचा हात हातात घेतला. दुसरा म्हणाला, मिल काढून राह्यले अन् आमाले पत्ता नाही, वा रे भाऊ. साडभाऊ हसतही नव्हता, रडतही नव्हता.

माझी अवस्था विचारू नका. आजवर मी त्याच्या उंचीवर जळलो, त्याच्या पोरीवर जळलो, पुस्तकावर जळलो. आता मी एका अशा राईस मिलवर जळत होतो जी अस्तित्वातच नव्हती. आणि तिचीसुद्धा माझ्या दुकानापेक्षा जास्त वाहवा चालली होती.

पण मी कामाचा माणूस आहे. ते कौतुकात गुंतले होते तेवढ्यात मी नकाशात घुसलो. मधली लांब बोळी सापडली. पहिलं दार, कप्तानाची खोली, आत खाट. दुसरं दार, दवाखाना. तिसरं दार. माझं तिसरं दार! आत नुसत्या जाडजूड नळ्या काढल्या होत्या आणि बारीक इंग्रजीत लिहिलं होतं, हवा साठवण्याची जागा. मी पुन्हा वाचलं. वर पाहिलं, खाली पाहिलं, सगळे मजले पाहिले. खाटा होत्या, न्हाणीघरं होती, कैद्यांची कोठडीसुद्धा होती. चूल कुठेच नव्हती. ती वाफ म्हणजे हवा होती. डॉक्टरीण हवेला हात पुसत बाहेर आली होती.

मी हळूच डोळे वर केले. साडभावाकडे नकाशा उलटा होता, आणि त्याचा जवळचा चष्मा गल्ल्यावर राहिला होता. त्याने अजून पाहिलं नव्हतं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की देवाने माझ्या बोटाला कुंकू उगाच लावलेलं नाही. श्री कुठे लिहायची हे कोणी सांगितलं होतं? मधोमध लिहावी. ठसठशीत लिहावी. बोळीवर, तिसऱ्या दारावर, त्या बारीक इंग्रजी अक्षरांवर. कुंकू वाळलं की आत काय होतं ते फक्त मला आणि लक्ष्मीला ठाऊक, आणि ती काही मंडईला ओट्यावर येऊन बोलणार नाही.

साडभाऊ डोळ्यांनी विनवत होता. "लहानशी लिवा जी," तो पुटपुटला, "कोपऱ्यात."

"मंगल कामात हात आखडता घेऊ नये," मी म्हणालो आणि पुढे वाकलो. अडत्यांनी हात जोडले. माझं बोट त्या तिसऱ्या दारावर तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर होतं, कुंकवाचा थेंब टोकाशी येऊन लोंबत होता. तेवढ्यात मावशींनी माझं मनगट धरलं. त्या अजूनही नकाशाच पाहत होत्या. त्यांचं बोट खाटांच्या, म्हणजे त्यांच्या लेखी मजुरांच्या, खोल्यांवरून फिरलं, खाटा मोजल्यासारखं केलं, बोळीत आलं, तिसऱ्या दारापाशी थांबलं, मागे फिरलं, पुन्हा एकदा सगळे मजले चढून उतरलं. मग त्यांनी मान वर केली, आणि लक्ष्मीसमोर, दोन अडत्यांसमोर, माझ्या साडभावासमोर त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"येवढी मोठी मिल काढून राह्यला, अन् सैपाकाले जागा कुठीच नाही ठेवली का रे?"